सहावं बोट येतं कुठून?

बहिणीच्या घरी बारशाला गेले होते. बाळ दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं, उजवा हात तेवढा मुद्दाम आत घेतलेला. बायका पाळणे म्हणून, घुगऱ्या घेऊन गेल्या आणि मग भाचेसुनेनं तो हात हळूच बाहेर काढला. अंगठ्याला लागून आणखी एक छोटा अंगठा होता. त्याला तांदळाच्या कणीएवढं नख, सांध्यावर नीट पडलेली घडी. कुणीतरी मन लावून केल्यासारखं सगळं जागच्या जागी.

"मावशी, तुम्ही कॉलेजात बायॉलॉजी शिकवता ना? मग खरं सांगा. ग्रहणाच्या वेधात मी विळीवर काकडी चिरली होती. सासूबाईंनी नको म्हटलं होतं. त्यानं झालं का हे?"

ग्रहण जवळ आलं की आपल्या फोनवर तेच मेसेज फिरू लागतात. गरोदर बाईनं सुरी धरू नये, सुई-दोरा घेऊ नये, नाहीतर बाळाचा ओठ फाटतो, बोट जास्तीचं येतं. त्या दिवशी मी "नाही गं, तसं काही नसतं" एवढंच म्हणू शकले. पण नुसत्या "नसतं"नं तिचं समाधान होणार नव्हतं. बोटं मुळात तयार कशी होतात हे कळल्याशिवाय जास्तीचं बोट का आलं हेही कळत नाही. म्हणून हे सविस्तर उत्तर.

मुकादम नसलेलं बांधकाम

आपली सुरुवात एका पेशीपासून होते. एकीच्या दोन, दोनाच्या चार असं करत मोठ्या माणसाच्या शरीरात पेशींचा आकडा तीस लाख कोटींच्या पुढे जातो. तांबड्या रक्तपेशींसारखे अपवाद सोडले तर यातल्या प्रत्येक पेशीत तीच जनुकं असतात. जनुक म्हणजे एखादं प्रथिन कसं बनवायचं याची लिखित कृती. डोळ्याच्या पेशीत जे लिहिलंय, तेच टाचेच्या पेशीतही लिहिलंय.

मग अडचण अशी, की हाताच्या कडेला बसलेल्या पेशीला आपण अंगठ्यात जायचं की करंगळीत, हे कसं कळतं?

एखाद्या बांधकामाची कल्पना करा. तिथे मुकादम नाही. प्रत्येक गवंड्याच्या खिशात अख्ख्या इमारतीचा नकाशा आहे, पण आपण कितव्या मजल्यावर, कोणत्या खोलीत उभे आहोत हे एकालाही माहीत नाही. नकाशा असून उपयोग काय? शेजारच्याला विचारल्याशिवाय वीट कुठे ठेवायची ते ठरतच नाही. गर्भातल्या पेशी हेच करतात. त्या सतत एकमेकींना निरोप धाडतात.

हा निरोप म्हणजे संकेत-रेणू. एक पेशी तो बनवून बाहेर सोडते, दुसरी झेलते. झेलणारीच्या अंगावर त्यासाठी एक खास प्रथिन असतं, त्याला रिसेप्टर म्हणतात. ज्या पेशीकडे त्या निरोपाचा रिसेप्टर नाही, तिच्या कानावर तो पडूनही न पडल्यासारखाच. निरोप झेलला गेला की पेशीच्या आत हालचाल सुरू होते आणि काही जनुकं चालू होतात, काही बंद. मोठे शब्द एवढेच. पुढे यातच भागेल.

माशीपासून माणसापर्यंत बहुतेक प्राण्यांचं शरीर घडवणाऱ्या अशा निरोपांची घराणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. हेजहॉग, विंट, बीएमपी, एफजीएफ, नॉच ही त्यातली मोठी. काही निरोप लांब जातात, काही शेजारच्या दोन-चार पेशींपुरते. नॉचचा तर पेशीला पेशी टेकल्याशिवाय पोचतच नाही, हातात हात देऊन सांगितल्यासारखा.

अंड्याला खिडकी

हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि डोळ्यांनी पाहणं वेगळं. एमएस्सीला असताना मी पहिल्यांदा कोंबडीच्या अंड्याला खिडकी पाडली. तीन दिवस उबवलेलं अंडं आडवं ठेवायचं, सिरिंजनं थोडा पांढरा बलक काढून घ्यायचा म्हणजे गर्भ कवचापासून खाली सरकतो, मग कात्रीनं वरचं कवच चौकोनी कापायचं. आत पिवळ्या बलकावर लाल रेघांचं जाळं दिसतं आणि मधोमध एक ठिपका उडत असतो. ते हृदय. भिंगाखाली आणखी निरखून पाहिलं की अंगाच्या दोन्ही बाजूंना खसखशीच्या दाण्याएवढे फुगवटे दिसतात. हेच पुढे पंख होणार. तेव्हा त्यात हाड नसतं, बोट नसतं, काही नसतं. एकसारख्या पेशींचा गोळा.

पुण्याला या कामाची जुनी परंपरा आहे. डॉ. लीला मुल्हेरकर एडिनबरोला गर्भशास्त्रज्ञ वॉडिंग्टन यांच्याकडे काम करून आल्या आणि पुणे विद्यापीठात त्यांनी कोंबडीच्या गर्भावरचं संशोधन रुजवलं. त्यांच्या विद्यार्थ्यांच्या विद्यार्थ्यांकडून आमच्यासारख्यांच्या हातात ती कात्री आली.

आता मुख्य प्रयोग. अमेरिकेत जॉन साँडर्स आणि मेरी गॅसेलिंग यांनी १९६८ साली तो प्रसिद्ध केला. त्यांनी पंखाच्या त्या फुगवट्याच्या मागच्या कडेचा, म्हणजे आपल्या हातात करंगळी येते त्या बाजूचा, एक कण काढला आणि दुसऱ्या गर्भाच्या फुगवट्याच्या पुढच्या कडेला बसवला. कोंबडीच्या पंखात तीन बोटं असतात, त्यांना २-३-४ असे क्रमांक देण्याची पद्धत होती. या पिल्लाला सहा बोटं आली, तीही ४-३-२-२-३-४ अशी. आरशात पाहावं तसा जोडपंख.

यातली खुबी अशी की ही जास्तीची बोटं बसवलेल्या कणातून उगवली नव्हती. ती यजमान गर्भाच्या स्वतःच्याच पेशींची होती. म्हणजे त्या कणानं बोट आणलं नव्हतं, निरोप आणला होता.

फोडणीचा वास

तो निरोप काय असावा? पेशींना जागा कशी कळत असावी, याचा एक सोपा विचार लुईस वोल्पर्ट यांनी १९६९ मध्ये मांडला. त्यांनी फ्रान्सच्या तिरंगी झेंड्याचं उदाहरण दिलं होतं. मी वर्गात फोडणीचं देते.

स्वयंपाकघरात मिरचीची फोडणी पडली. शेजारी उभ्या असलेल्यांना ठसका लागतो. माजघरात बसलेल्यांना खमंग वास येतो, भूक लागते. ओसरीवरच्यांना काहीतरी शिजतंय एवढंच समजतं. फोडणी एकच, पण अंतराप्रमाणे तिची मात्रा कमी होत गेली आणि मात्रेप्रमाणे माणसं वेगळी वागली. डोळे मिटूनही, ठसका लागला की आपण चुलीजवळ आहोत हे सांगता येतं.

पेशीही असंच ओळखतात. फुगवट्याच्या मागच्या कडेला निरोपाचा उगम. जवळच्यांना भरपूर, लांबच्यांना जेमतेम. भरपूर निरोप मिळालेल्या पेशी करंगळीच्या बाजूची बोटं घडवतात, कमी मिळालेल्या तर्जनीच्या बाजूची. साँडर्स-गॅसेलिंग यांनी केलं ते इतकंच, की घराच्या दुसऱ्या टोकालाही एक चूल पेटवली.

माझा हा दाखला एका जागी तोकडा पडतो. पेशी नुसती मात्रा पाहत नाहीत, किती वेळ निरोप मिळत राहिला हेही धरतात. उंदरात तर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट ज्या पेशींपासून होतं, त्या पेशींनी आधी स्वतःच हा निरोप बनवलेला असतो. अंगठ्याला मात्र तो लागत नाही. अंगठा या निरोपाशिवाय तयार होतो, आणि हीच गोष्ट भाचेसुनेच्या बाळाशी येऊन भिडणार आहे.

माशीनं दिलेलं नाव

निरोपाचं नाव सापडायला आणखी पंचवीस वर्षं लागली आणि ते सापडलं केळ्यांवर घोंघावणाऱ्या चिलटाएवढ्या फळमाशीमुळे. ख्रिस्तियान न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस यांनी जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये हजारो माशांची जनुकं बिघडवून त्यांच्या अळ्या तपासल्या. एका बिघाडात अळीच्या अंगावर एकसारखे काटे दाटले. साळिंदराची आठवण करून देणारा हेजहॉग नावाचा छोटा काटेरी प्राणी असतो, त्याचं नाव त्या जनुकाला पडलं. हे काम १९८० मध्ये प्रसिद्ध झालं, १९९५ मध्ये एडवर्ड लुईस यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं.

१९९३ मध्ये माशीचं ते जनुक हाताशी धरून कोंबडी, उंदीर आणि झेब्रा माशात त्याची भावंडं शोधली गेली. तीन सापडली. दोघांना खऱ्याखुऱ्या प्राण्यांची नावं मिळाली, डेझर्ट हेजहॉग आणि इंडियन हेजहॉग. हो, इंडियन, कारण तो प्राणी आपल्याकडे आढळतो. तिसऱ्याला व्हिडिओ गेममधल्या पात्राचं नाव दिलं गेलं, सोनिक हेजहॉग. मला ते पटत नाही. आजारी मुलाच्या आईला हे नाव सांगताना डॉक्टरांना जड जातं. असो. हार्वर्डमध्ये सोनिक हेजहॉग बनवणाऱ्या पेशी कोंबडीच्या फुगवट्याच्या पुढच्या कडेला ठेवल्या गेल्या आणि तोच आरशातला जोडपंख उगवला. १९६८ चा निरोप हाच होता.

विंट या घराण्याच्या नावात तर दिल्ली दडलेली आहे. भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या आर. पी. शर्मा यांनी १९७३ मध्ये पंख नसलेल्या फळमाशीची नोंद केली आणि त्या जनुकाला विंगलेस म्हटलं. पुढे उंदराच्या स्तनाच्या कर्करोगातलं एक जनुक त्याचंच भावंड निघालं आणि दोन नावं जोडून विंट झालं.

कोंबडीवरून माणसाचं कसं सांगता?

वर्गात हा प्रश्न दरवर्षी येतो आणि तो रास्त आहे. उत्तर प्रयोगातच आहे. उंदराच्या फुगवट्याच्या मागच्या कडेचा कण कोंबडीच्या फुगवट्याला लावला तरी जास्तीची बोटं येतात, आणि ती कोंबडीची येतात, उंदराची नाही. म्हणजे निरोप तोच, तो ऐकून काय बांधायचं हे ऐकणारीच्या नकाशावर. कोंबडी आणि उंदीर यांचे पूर्वज तीस कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले, तरी हा निरोप दोघांना कळतो.

एकच रेणू इतकी कामं कशी करतो?

सोनिक हेजहॉग फक्त बोटांपुरता नाही. पाठीच्या कण्याच्या जागी, गर्भात आधी एक लवचीक दांडी असते. ती हाच रेणू वरच्या मज्जारज्जूकडे सोडते आणि त्यामुळे कुठल्या चेतापेशी स्नायू हलवणार हे ठरतं. मेंदूचे दोन भाग होण्यात, चेहऱ्याच्या मधल्या रेषेत, दातांत, केसांच्या मुळांतही तो आहे.

शाळेची घंटा आठवा. घंटा एकच वाजते. मुलं डबे काढतात, बाई खडू ठेवतात, शिपाईमामा फाटक उघडायला जातात. घंटेत "डबा काढ" असं काही नसतं. ऐकणारा कोण आहे, त्याची आतापर्यंतची तयारी काय, यावर तो काय करणार ते ठरतं. हाताच्या पेशीचं आतापर्यंतचं आयुष्य वेगळं, मज्जारज्जूच्या पेशीचं वेगळं.

म्हणूनच हा निरोप बिघडला तर परिणाम फार दूर जातो. अमेरिकेतल्या आयडाहोमध्ये १९५० च्या दशकात मेंढपाळांच्या कळपात कपाळाच्या मधोमध एकच डोळा असलेली कोकरं जन्मू लागली. तपास केल्यावर एक रानटी झाड सापडलं. गाभण मेंढीनं चौदाव्या दिवसाच्या सुमारास ते खाल्लं तरच कोकराला एक डोळा, पुढेमागे खाल्लं तर तसं नाही. त्यातल्या द्रव्याला सायक्लोपामिन म्हणतात. १९९० च्या दशकाअखेर कळलं की ते हेजहॉगचा निरोप पेशीच्या आत पोचू देत नाही.

हे कसं, ते बैलाच्या उदाहरणानं लगेच समजतं. पेशीत स्मूदंड नावाचं एक प्रथिन असतं, ते मोकळं सुटलं की काम सुरू. पण पॅच्ड नावाचं दुसरं प्रथिन त्याची वेसण धरून बसलेलं असतं. हेजहॉग आला की तो पॅच्डला धरतो, वेसण सुटते, बैल चालू लागतो. सायक्लोपामिन थेट बैलालाच जखडून टाकतं.

मोठ्या माणसात हीच वेसण कायमची तुटली तर पेशी थांबतच नाहीत. त्वचेचा बेसल सेल कार्सिनोमा हा कर्करोग बहुतेक वेळा असाच होतो. स्मूदंडला जखडणारं विस्मोडेगिब हे औषध अमेरिकेत २०१२ मध्ये मंजूर झालं. गर्भारपणात ते अजिबात चालत नाही. कारण कोकरांच्या गोष्टीत आलंच.

मग बाळाचा दुसरा अंगठा?

हातात सोनिक हेजहॉग कुठे चालू व्हायचा, हे ठरवणारी एक कळ असते. जनुकं ज्या रेणूत लिहिलेली असतात त्या डीएनएचा सुमारे आठशे अक्षरांचा तुकडा. तो स्वतः काही बनवत नाही, फक्त जनुक चालू करतो. नवल म्हणजे तो त्या जनुकापासून जवळजवळ दहा लाख अक्षरं लांब आहे. गावाबाहेरच्या खांबावर बटण आणि दिवा माजघरात, असं.

या कळीतलं एखादं अक्षर बदललं तर कळ अंगठ्याच्या बाजूलाही थोडी दाबली जाते. जिथे निरोप नसायला हवा, तिथे तो जातो. दुसरी चूल पेटते. अंगठ्याच्या बाजूला जास्तीचं बोट येणाऱ्या काही कुटुंबांमध्ये नेमका असा एका अक्षराचा बदल सापडला आहे. अमेरिकेतल्या 'की वेस्ट' बेटावर लेखक हेमिंग्वेच्या घरातल्या सहा बोटांच्या मांजरांतही याच कळीत बदल आहे. उलट सापांमध्ये ही कळ मोडकळीला आलेली. २०१६ मध्ये उंदराची कळ काढून तिथे सापाची बसवली, तर पायांच्या जागी नुसते खुंट आले.

एक खुलासा करायलाच हवा. सहावं बोट दरवेळी याच कळीमुळे येत नाही. करंगळीच्या बाजूला येणाऱ्या बोटामागे बहुधा वेगळी जनुकं असतात, आणि भाचेसुनेच्या बाळात नेमकं काय झालं हे तपासणीशिवाय मी सांगू शकत नाही.

म्हणजे दोष घराण्याचा?

ग्रहण सुटलं की बोट सासर-माहेराकडे वळतं. "तुमच्याकडे कुणाला होतं का?" काही वेळा हा बदल आई किंवा वडिलांकडून येतो, काही वेळा घरात कुणालाच नसताना पहिल्यांदाच होतो. डीएनएची नक्कल होताना अक्षरं बदलतात, सगळ्यांच्या बाबतीत बदलतात. आपण प्रत्येकजण आईवडिलांत नसलेले काही बदल घेऊन जन्मलो आहोत. बहुतेक कुठेतरी बिनकामाच्या जागी पडतात, एखादा कळीवर पडतो. त्याला दोष म्हणणं मला मान्य नाही.

ग्रहण पाळलं नाही तेव्हाच असं झालं, याचं काय?

सूर्याची आणि चंद्राची मिळून वर्षाला किमान चार ग्रहणं होतात, आपल्याकडे सगळी दिसत नाहीत इतकंच. त्यामुळे नऊ महिन्यांत एखादं तरी ग्रहण जवळपास प्रत्येकीच्या वाट्याला येतं. पाच बोटांचं मूल झालं की कुणी विळीची चौकशी करत नाही. सहावं दिसलं की सगळे मागे जाऊन विळी शोधतात.

आणि वेळेचा हिशेब त्याहून महत्त्वाचा. माणसाच्या गर्भात हाताचा फुगवटा चौथ्या आठवड्याच्या शेवटी दिसू लागतो. आठव्या आठवड्याअखेर बोटं सुटी झालेली असतात. तीही एका निरोपानं सुटी होतात, बोटांमधल्या पडद्याला बीएमपी "आता संपा" सांगतो आणि त्या पेशी मरून जातात. बदकाच्या पायात ग्रेमलिन नावाचं प्रथिन हा निरोप अडवतं, म्हणून पडदा टिकतो आणि बदक पोहतं. वरचा ओठही सातव्या आठवड्यापर्यंत जुळलेला असतो, टाळू बाराव्यापर्यंत.

मग आईच्या खाण्यापिण्याचा काहीच संबंध नाही?

आहे, आणि इथे मला गप्प बसवत नाही. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड झोपेसाठी विकायला आलं, गरोदर बायका मळमळीवर ते घेऊ लागल्या. १९६१ च्या अखेरीला ते मागे घेतलं, तोवर जगभरात दहा हजारांहून जास्त मुलं अपुऱ्या हातापायांची जन्मली होती. मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइन असंच घातक. ते व्हिटॅमिन ए च्या कुळातलं, आणि त्या व्हिटॅमिनपासून शरीर स्वतः गर्भातला एक निरोप बनवतं. बाहेरून तो निरोप ओतला की सगळीकडेच गोंधळ. दारूही तशीच. म्हणून गरोदरपणात, किंवा त्याचा विचार असतानाच, कोणतीही गोळी डॉक्टरांना विचारून.

आणि एक गोळी आवर्जून घ्यायची. मेंदू आणि मज्जारज्जूची नळी अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटते, तेव्हा अनेकींना दिवस गेलेत हे कळलेलंही नसतं. ती नीट मिटायला फॉलिक ॲसिड लागतं, रोज ४०० मायक्रोग्रॅम, दिवस जाण्याच्या आधीपासून. सुईदोरा लपवण्यावर घरात जेवढं लक्ष दिलं जातं, त्याच्या निम्मं जरी या गोळीकडे दिलं तर कितीतरी बाळं वाचतील.

भाचेसुनेला मी नंतर फोन केला. आधी बालरोगतज्ज्ञांना दाखव म्हटलं, क्वचित अशा बोटाबरोबर हृदयाचं किंवा आणखी काही असू शकतं, ते बघतील. मग हाताच्या सर्जनना. दोन अंगठ्यांतला कोणता ठेवायचा, पकड चांगली कशानं राहील, हे ते ठरवतात, ऑपरेशन साधारण वर्षाच्या आसपास करतात. ती ऐकत होती. मग म्हणाली, "मावशी, ग्रहण होतं तेव्हा मला सातवा चालू होता."

"आणि बोटं कधी पुरी झाली असतील?"

ती फोनवरच मागे मोजू लागली. सहावा, पाचवा, चौथा, तिसरा. तिथे थांबली. "तेव्हा तर आम्ही अजून घरी कुणाला सांगितलंही नव्हतं."